नवतपा आणि परसातल्या बारा कोंबड्या

उन्हाळ्यात कोंबड्या दुपारी मरतात असं सगळे सांगतात, माझ्या मेल्या त्या रात्री. पहिल्या वर्षी मी हौसेनं टिनाचं खुराडं करून घेतलं होतं, मुंगसाची भीती म्हणून चारही बाजूंनी फळ्या ठोकून एकदम पक्कं, वर टिन, समोर कडी. मे महिना, दिवसभर कोंबड्या कडुनिंबाखाली माती उकरत मजेत होत्या, संध्याकाळी आत घातल्या, कडी लावली आणि मी निवांत झोपले. सकाळी उघडलं तर पाच आडव्या. मुंगूस नाही, साप नाही, रोग नाही, काहीच नाही. दिवसभर तापलेलं टिन रात्रीपर्यंत खाली गरमी सोडत होतं, आत बारा जिवांची ऊब आणि हवा जायला बोटभर फट नाही. म्हणजे मीच त्यांना भट्टीत घालून वरून कडी लावली होती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते, कोंबडीच्या अंगातली गरमी बाहेर कशी पडेल. खुराडं बांधताना, पाणी ठेवताना, दाणा टाकताना, सगळीकडं हाच प्रश्न. आमच्याकडं वर्धा-यवतमाळ पट्ट्यात एप्रिलपासून पारा ४२-४३ आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं तर विचारूच नका. दहा-पंधरा कोंबड्या परसात पाळायच्या असतील, विकायला नाही, घरच्या अंड्यापुरत्या, तर खालचं सगळं तेवढ्यासाठीच आहे. हजार पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं.

कोंबडीला घाम येत नाही, हे आधी डोक्यात बसवा. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ डिग्री असतं, आपल्या तापाच्याही वर. थंडीच्या दिवसांत तिची गरमी तुऱ्यातून, उघड्या पायांतून, पंखाखालच्या मोकळ्या कातडीतून हवेत निघून जाते. हवा ३०-३२ च्या वर गेली की तेवढ्यानं भागत नाही, मग ती चोच उघडून धापा टाकायला लागते, श्वासातून वाफ निघते आणि अंग थोडं थंड होतं, कुत्रा जीभ काढून बसतो तसंच. आणि हवाच ४४ झाली तर? म्हणजे बाहेरची हवा कोंबडीपेक्षा गरम. तेव्हा नुसता पंखा लावून उपयोग नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. तिथं ओलावाच पाहिजे, म्हणजे ओलं पोतं, ओली जमीन आणि पोटात भरपूर पाणी.

पण हे कोरड्या उन्हाळ्याचं झालं. कोकणात किंवा गोव्यात कुणी हे वाचत असेल तर तुमचं उलटं आहे बरं का. तिकडं पारा ३५ च असतो पण हवा आधीच दमट, धापा टाकून वाफ निघतच नाही, त्यात तुम्ही ओली पोती टांगली तर आणखी कोंडमारा. तुम्हाला पाहिजे उंच छप्पर, उघड्या भिंती, वारा आणि पंखा. आमच्याकडं पण हे दिवस येतात, मृगाच्या आधीचे आठ-दहा दिवस, ढग दाटतात, वारा पडतो, अंगाला चिकचिक होते. त्या दिवसांत मी पोत्यावर पाणी मारणं बंद करते आणि पंखा चालू करते. नवतप्यात वाचलेल्या कोंबड्या लोकांच्या या आठ दिवसांत जातात, कारण पारा उतरला म्हणून माणूस गाफील राहतो.

आता खुराडं. बारा-तेरा कोंबड्यांना रात्रीसाठी ६ बाय ५ फूट जागा पुरते, पक्ष्याला दोन-अडीच चौरस फूट पडते साधारण. उंची मात्र कमी करू नका, छप्पर निदान ६ फुटावर पाहिजे, कंबरेएवढं खुराडं दिसायला गोंडस असतं पण टिन थेट कोंबडीच्या डोक्यावर येतं. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूनं आत येतं. भिंत खालून एक फूट विटांची किंवा मातीची आणि त्याच्या वर सगळी जाळी. जाळी घेताना ती षटकोनी चिकन जाळी घेऊ नका, कुत्रं दातानं फाडतं आणि साप आरामात आत येतो, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी लोखंडी जाळी) घ्या, महाग आहे पण एकदाच घ्यायची आहे. माझी पहिल्या वर्षीची मुंगसाची भीती खरीच होती, उपाय चुकला होता, फळीच्या जागी ही जाळी लावली असती तर मुंगूसही बाहेर राहिलं असतं आणि हवाही आत आली असती. जाळी खाली जमिनीत वीतभर गाडा, मुंगूस उकरून येतं.

छपराला कवेलू (कौलं) असेल तर उत्तम. टिन असेल तर त्याच्यावर तुराट्या (तुरीच्या काड्या) नाही तर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या काड्यांचा) वीतभर जाड थर टाका, फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात त्या तशाही पेटवूनच देतात लोक, मागितल्या तर कुणीही देतं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वरून दोन बांबू आडवे बांधा. टिनाला चुना मारला तरी फरक पडतो, चुन्यात थोडं फेविकॉल टाका म्हणजे लगेच निघून जात नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी काढा, दक्षिणेकडं तर नक्कीच. आणि दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात शेवगा लावा. दोन वर्षांत सावली देतो, पाला कोंबड्या खातात, शेंगा आपण. मी जाळीवर दोडक्याचा वेल पण चढवते, खालची पानं कोंबड्या ओरबाडून खातात, वरची उरतात तेवढी सावली बास होते.

आत बसायला कडुनिंबाच्या फांदीचे नाही तर बांबूचे दांडे, जमिनीपासून दोन फुटावर. एका पक्ष्याला ८-९ इंच धरा, उन्हाळ्यात जास्तच, कारण थंडीत त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि मे महिन्यात त्यांनाच ते नको असतं. खाली थंडीत चार इंच तूस घालतो ते मार्चमध्ये काढून टाका, दोन इंचच ठेवा, जाड थर सडताना गरमी सोडतो.

बारदान्याची पोती जाळीच्या बाहेरून टांगायची, फक्त पश्चिम आणि दक्षिण बाजूला, आणि तीही जाळीला चिकटवून नाही, हातभर अंतर ठेवून, म्हणजे मधून हवा खेळते. ११ वाजता एकदा भिजवा, मग दीड-दोन तासांनी. संध्याकाळी ६ ला पोती वर गुंडाळून टाका. हे विसरायचं नाही, रात्री खुराडं चारही बाजूंनी मोकळं पाहिजे. मी झोपायच्या आधी एकदा खुराड्यात जाऊन उभी राहते. मला गुदमरलं तर त्यांनाही गुदमरतंय, थर्मामीटर घ्यायची गरज नाही.

पाणी

कोंबडी एरवी दाण्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात तिप्पट-चौपट. माझ्या बारा कोंबड्यांना डिसेंबरात दिवसाला ३ लिटर पुरतं, मे महिन्यात ६-७ लिटर लागतं. पण ते ठेवलं म्हणजे पितातच असं नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळीनं येणारं पाणी हात लावून बघा दुपारी, चहा करता येईल. असं पाणी कोंबडी चोच लावून सोडून देते, आणि आपल्याला वाटतं भांडं भरलेलं आहे म्हणजे झालं. प्लास्टिकची भांडी उन्हाळ्यात उचलून ठेवा. फुटक्या माठाची खापरं, मातीची परळं, जुनी नांद असेल तर फारच छान, अर्धी जमिनीत पुरून ठेवा, पाणी गार राहतं. तीन-चार ठिकाणी ठेवा, एकच ठेवलं की दांडगी कोंबडी तिथंच ठाण मांडते आणि बाकीच्यांना टोचून हाकलते. सगळी सावलीत. दिवसातून चारदा बदलायचं, दुपारचं १२ चं आणि ३ चं चुकवायचं नाही. फ्रीजमधला बर्फाचा तुकडा टाकला तरी चालतो, सर्दी होत नाही त्यांना.

एक उथळ घमेलं वेगळं ठेवा, त्यात दोन इंच पाणी, पिण्यासाठी नाही, उभं राहायला. पायाला पीस नसतं, पाय ओले झाले की अंग लवकर उतरतं. पहिल्या दिवशी कुणी जात नाही, मग एखादी शहाणी पाय टाकते आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर लावतात. खोल बादली ठेवू नका, पिल्लं बुडतात.

मेडिकलमधून इलेक्ट्रोलाइट पावडर आणता येते, पण घरचंही चालतं. ५ लिटर पाण्यात मूठभर गूळ, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. सकाळी १० ते दुपारी २, बास, मग ते फेकून साधं पाणी. गुळाचं पाणी संध्याकाळपर्यंत आंबतं आणि हगवण लागते. शेजारी साधं पाणी असलंच पाहिजे. आणि रोज रोज नको हे, पारा ४३ च्या वर जाईल त्या दिवशी. मीठ कधीच अंदाजानं वाढवू नका, कोंबडीला जास्त मीठ म्हणजे विष.

सोडा का, तर त्याचा संबंध अंड्याशी आहे. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि अंड्याचं कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यातला कार्बोनेटच कमी पडला की शिंपला कितीही खाऊ घाला, कवच पातळच येणार. मे महिन्यात हातात घेतल्यावर फुटणारी अंडी येतात ती यामुळे. सोड्यानं पूर्ण ठीक होत नाही, पण फरक पडतो.

दाणा कधी, हे दाणा कोणता याच्या आधी

दाणा पोटात गेल्यावर पचताना अंगात गरमी तयार होते, खाल्ल्यानंतर काही तास ती चढतच जाते. ११ वाजता पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी ३ ला, म्हणजे जेव्हा बाहेर सगळ्यात जास्त तापलेलं असतं तेव्हा, आतूनही तापलेली असते. म्हणून पहाटे ५ ते ७ मध्ये एक खाणं, ८ वाजता भांडी उचलून टाकायची, आणि दुसरं संध्याकाळी साडेसहानंतर. मधे दाणा नाही. शेजारच्या काकू म्हणतात उपाशी ठेवते, पण दुपारी त्यांना खायचीच इच्छा नसते. जिला इच्छा नाही तिच्यापुढं मका ओतून काय उपयोग. मोठा वाटा संध्याकाळी द्या, दिवसाच्या खाण्यातला अर्ध्याहून जास्त. रात्री हात लावून बघा, गळ्याच्या खालची पिशवी भरलेली, टणक लागली पाहिजे. आणि कवच रात्रीच बनतं, त्यामुळं शिंपलाही संध्याकाळीच.

खुराड्यात पहाटे साडेचारला एक छोटा एलईडी बल्ब लावला तर आणखी चांगलं, थंड वेळात खायला जास्त वेळ मिळतो. फक्त एकदा सुरू केलं की रोज त्याच वेळेला, एक दिवस लावला दोन दिवस नाही असं केलं तर अंडी बंद पडतात. आमच्याकडं लाइट जाते म्हणून मी सोडून दिलं ते.

आता दाणा कोणता. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वरून ५०-६० ग्रॅम पुरतं, बांधून ठेवलेलीला ११०-१२० ग्रॅम. पण उन्हाळ्यात मोकळी असली तरी तिला बाहेर काय मिळतं? गवत जळालेलं, किडे जमिनीत खोल गेलेले. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये ८०-९० ग्रॅम धरते. गरमीत त्या खातातच कमी, म्हणजे जे दोन घास पोटात जातील त्यात दम पाहिजे. नुसता मका किंवा कणी टाकून भागत नाही, त्यात पोट भरतं पण प्रोटीन नसतं. बाजरी गरम असते, मका गरम असतो असं लोक म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही, गरम सगळंच असतं, वेळ चुकली तर.

माझं मिक्स १० किलोचं असं: भरडलेला मका ५ किलो, ज्वारी १ किलो ३०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो, सोयाबीन ढेप दीड किलो (तुमच्याकडं पेंड म्हणत असतील), शेंगदाणा ढेप अर्धा किलो, सुकट अर्धा किलो आणि मिनरल मिक्स्चर २०० ग्रॅम. प्रोटीन १७-१८ टक्क्यांच्या आसपास बसतं. सुकट आठवडी बाजारातली मिळते ती बहुतेक खारवलेली असते, म्हणून वरून मीठ टाकत नाही मी, टाकायची असेल तर आधी धुवून वाळवून घ्या. सुकट अर्ध्या किलोच्या वर गेली की अंड्याला मासळीचा वास येतो, घरात एक जण तरी खायचं सोडतो. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी बाजारातलं लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचा तयार दाणा) आणून त्यात एक तृतीयांश ज्वारी मिसळली तरी चालेल.

विदर्भात घरोघरी सोयाबीन असतं म्हणून कच्चंच भरडून घालणारे बरेच आहेत. नका घालू. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, भाजल्याशिवाय तो जात नाही, कोंबडी खात राहते आणि वाळत जाते. दुसरी आपल्याकडची सवय म्हणजे सरकी ढेप, म्हशीला चालते म्हणून कोंबडीला. तिच्यात गॉसिपॉल असतं, अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, जास्त झालं तर कोंबडीलाही त्रास. आणि शेंगदाणा ढेपेला जरासा बुरशीचा वास आला तरी फेकून द्या, जीव अडकवू नका त्या शंभर-दोनशे रुपयांत, बुरशीचं विष लिव्हर खातं आणि ते वाळवून, भाजून जात नाही. उन्हाळ्यात दाणा खवटतो पण लवकर, पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरडून ठेवू नका.

शिंपल्याचा चुरा मिक्समध्ये घालू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी स्वतःच्या गरजेनं खाते, कोंबडा आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) फारसं तोंड लावत नाहीत, आणि लावूही नये, जास्त कॅल्शियमनं त्यांची किडनी खराब होते. शिंपला नसेल तर अंड्याची टरफलं भाजून, कुटून चालतात, कुटूनच, अख्खी टाकली तर अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती सवय मोडत नाही.

संध्याकाळचं खाणं मी थोडं ओलं करून देते, भिजवलेल्या पोह्यांएवढंच ओलं, लगदा नाही. ओलं बघून त्या तुटून पडतात. अर्ध्या तासात संपेल एवढंच, उरलेलं गरमीत दोन तासांत आंबतं.

दुपारी काही द्यायचंच असेल तर टरबुजाची सालं. लाल भाग आपण खायचा, पांढऱ्यासकट साल त्यांच्याकडं. काकडी, पालकाची देठं, कोथिंबिरीच्या काड्या, घोळ, शेवग्याचा पाला. यात पाणीच जास्त, पचायला गरमी होत नाही. पण नुसत्या सालांवर ठेवू नका, पोट पाण्यानं भरलं की संध्याकाळचा दाणा कमी जातो.

आणि उधई, म्हणजे वाळवी. हे माझ्या आजीचं. फुटका माठ घ्यायचा, त्यात वाळलेलं शेण, पोत्याचे तुकडे, कुजकं लाकूड भरायचं, थोडं पाणी शिंपडायचं आणि बांधावर जिथं उधई दिसते तिथं उपडा घालून ठेवायचा. संध्याकाळी ठेवला की सकाळी, नाही तर दुसऱ्या सकाळी, आत उधई भरलेली. पिल्लांना तर अमृतच, फुकटचं प्रोटीन. माठ घराच्या भिंतीपासून लांब ठेवा मात्र, नाही तर कोंबड्या सोडून दार-खिडक्याच खाऊ घालाल.

कुठल्या जातीच्या आणाव्या हे बरेच विचारतात. माझं मत, उन्हाळा कडक असेल तर हलक्या अंगाच्याच. वनराजा (हैदराबादची), गिरिराज (बंगळुरूची) छान वाढतात, पण तीन-साडेतीन किलोचा कोंबडा मे महिन्यात सगळ्यात आधी बसतो. अंड्यासाठी ग्रामप्रिया त्यातल्या त्यात हलकी. गावरान वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते पण ऊन झेलते, पिल्लं वाढवते, घार आली की ओळखते. उघड्या मानेची गावरान मिळाली तर सोडू नका, दिसायला भिकार दिसते पण मानेवर पीस नाही म्हणून गरमी लवकर बाहेर टाकते. कडकनाथचं सध्या फार वेड आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तिला, काटक आहे, पण खुडूक (अंडी उबवायला) क्वचितच बसते, म्हणजे पिल्लं काढायला गावरान ठेवावीच लागते. पिल्लं शक्यतो सरकारी अंडी उबवणी केंद्रातून घ्या, नागपूर, संभाजीनगर, पुणे, कोल्हापूरला आहेत, आधी नोंदणी करावी लागते.

खुडूक कोंबडीवरून आठवलं, एप्रिल-मेमध्ये रवण बसवू नका, म्हणजे पिल्लं काढायला कोंबडी अंड्यावर बसवू नका. अंड्यावर बसलेली कोंबडी पाणी प्यायलाही क्वचितच उठते आणि गरमीनं तिथंच मरते. शिवाय ३५-४० डिग्रीच्या घरात ठेवलेल्या अंड्यातला गर्भ आपोआप थोडा वाढायला लागून मरतो, बसवलं तरी निम्मी वाया. खायच्या अंड्यांचंही तेच, म्हणून दिवसातून तीनदा गोळा करा आणि ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवा, फ्रीज नसला तरी आठवडाभर चांगली राहतात. खुडूक मोडायला काही लोक नाकात पीस घालतात, पाण्यात बुडवतात, पाय बांधतात, कशाला तो छळ. खालून जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून वर टांगा, त्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी द्या, खालून पोटाला हवा लागली की खुडूक आपोआप मोडते.

तरीही कुणाकडं उन्हाळ्यात पिल्लं असतीलच तर बल्बची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ डिग्री लागते, दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी करत जायचं, आणि आपल्याकडं दुपारी सावलीतच ४० असतात. दिवसा त्यांना गार करायचं, पहाटे दोन-तीन तास बल्ब. पिल्लंच सांगतात, बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळून चोच उघडली तर गरमी, सगळीकडं पसरून चिवचिवत असतील तर हात लावू नका.

लसीकरण उन्हाळ्याच्या आधी उरकून घ्या. मानमोडी म्हणजे राणीखेत, हाच खरा शत्रू, एकदा आला की खुराडं साफ. पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस) डोळ्यात थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी परत लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात आर टू बी (हीही राणीखेतचीच) इंजेक्शन. मोठ्या कोंबड्यांना फेब्रुवारीत परत राणीखेत द्या, मे महिन्यात आधीच धापा टाकणाऱ्या पक्ष्याला टोचून काही फायदा नाही. एक बाटली १०० डोसची असते, तुमच्या बाराच, तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून घ्या. थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणायची, कालवली की तासा-दोन तासात संपवायची, उरलेली उद्याला ठेवली तर ते नुसतं पाणी. गाडीच्या डिक्कीत उन्हात आणलेली लस देऊन मग लसच खराब होती म्हणणारे खूप बघितलेत मी. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. उवा-पिसवांसाठी चुलीची राख, कोरडी माती, वाळलेला निंबाचा पाला एका जुन्या टायरमध्ये भरून सावलीत ठेवा, बाकीचं त्या बघतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. एका-दोन दिवसांत कारण नसताना धडाधड मरायला लागल्या, तर ऊन लागलं म्हणून गप्प बसू नका, आणि कापून खाऊ तर अजिबात नका. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. मेलेल्याला उघड्या हातानं उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ऊन लागून जाते ती शक्यतो दुपारनंतर ते रात्रीपर्यंत जाते, जाड कोंबडी आधी, आणि उरलेल्या पाणी-सावली मिळाली की सावरतात.

ऊन लागलेली ओळखायची कशी? चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, गळा थरथरतोय, इथपर्यंत घाबरू नका, ती तिचं काम करून राहिली आहे. धापा थांबल्या, डोळे मिटले, मान खाली टाकली, तुरा काळा-निळा किंवा पांढरा पडला, तेव्हा पाच मिनिटंच हातात आहेत. उचलून सावलीत न्या, साध्या पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत बुडवा, डोकं वर, बर्फाचं पाणी नको, मिनिटभर ठेवा आणि वाऱ्याला बसवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. बोट ओलं करून चोचीच्या कडेला लावा, गिळायला लागली की वाचली म्हणायची. आणि दुपारी कोंबड्यांच्या मागं पळायचं नाही, पकडायचं नाही, पाहुण्यांना दाखवायला सुद्धा नाही. विकायची, कापायची, एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची, जे काय असेल ते पहाटे.

पहिला पाऊस झाला की छपरावरच्या तुराट्या खाली काढा, ओल्या झाल्या की त्यात विंचू होतात. तूस पूर्ण बदला, चुना भुरभुरा, पोती वाळवून वर ठेवून द्या. रवण मी पोळ्यानंतरच बसवते, नऊ किंवा अकरा अंडी, सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या टॉर्चवर बघून कोरी काढून टाकते. २१ दिवसांत पिल्लं, थंडीत वाढतात, आणि पुढच्या नवतप्यापर्यंत सात-आठ महिन्यांची होतात.